जुन्या थिन क्लायंटवर त्रिमितीय आरेखन: प्रयोगशाळेच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आमच्या तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत दोन पिढ्यांचे थिन क्लायंट (सर्व्हरच्या आधाराने चालणारे छोटे संगणक) आहेत. पुढच्या रांगांतील यंत्रांत एएमडीचा जी-टी५६एन हा १.६५ गिगाहर्ट्झचा, दोन गाभ्यांचा प्रोसेसर असून त्याच चिपवर रेडिऑन एचडी ६३२० हा ग्राफिक्स विभाग आहे. मागच्या रांगेत त्याहून जुनी, ५०० मेगाहर्ट्झच्या जिओड एलएक्स प्रोसेसरची यंत्रे आहेत. कोणत्याही यंत्रात हार्ड डिस्क वापरात नाही. यंत्र सुरू झाले की ते नेटवर्कवरून कर्नल (कार्यप्रणालीचा मूळ भाग) मागवते, एक छोटी प्रणाली उभी करते आणि सर्व्हरवर चालणारे सत्र व्हीएनसी या दूरस्थ पडदा दाखवणाऱ्या प्रणालीद्वारे पडद्यावर दाखवते. सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि अशी यंत्रे नेटवर्कवरून सुरू करणारे एलटीएसपी हे सॉफ्टवेअर आहे.

सी भाषेची प्रात्यक्षिके, कार्यालयीन सॉफ्टवेअर आणि ब्राउझर यांसाठी ही रचना आजवर पुरेशी ठरली. यंदा यंत्र अभियांत्रिकी विभागाने फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिके याच प्रयोगशाळेत घेण्याचे ठरवले आणि पहिल्याच चाचणीत अडचण उघड झाली. एकाच विद्यार्थ्याने पडद्यावरची त्रिमितीय प्रतिकृती (मॉडेल) फिरवली तर ती सहन करण्याजोगी फिरते; अर्धा वर्ग एकाच वेळी फिरवू लागला की सगळ्यांचेच पडदे अडखळतात आणि शेजारी साधे टंकलेखन करणाऱ्याची अक्षरेसुद्धा उशिरा उमटतात. यंत्रे जुनी झाली, ती बदलावीत, असे मत विभागाच्या बैठकीत मांडले गेले. मला हे निदान घाईचे वाटते. पडद्यावरचे चित्र नेमके कोणत्या चिपवर तयार होते आणि ते कोणत्या रूपात प्रवास करते, हे पाहिल्याशिवाय कोणतेही यंत्र निकामी ठरवता येत नाही. ज्या मुलामुलींच्या घरी संगणक नाही त्यांना त्रिमितीय आरेखन शिकण्यासाठी हीच एक जागा आहे, त्यामुळे हा प्रश्न मी प्रकल्प म्हणून हाती घेतला आहे आणि विभागप्रमुखांनी त्यास संमती दिली आहे.

१२ जून २०२४

सर्व्हरवरील सत्रात जीएलएक्सइन्फो हे तपासणीचे साधन चालवून ओपनजीएलचा (त्रिमितीय चित्रे काढण्याच्या प्रमाण आज्ञासंचाचा) चित्रणकर्ता कोण आहे ते पाहिले. उत्तर आले: एलएलव्हीएमपाइप, २५६ बिट. याचा अर्थ असा की त्रिमितीय चित्रणाचे सर्व काम सर्व्हरचा मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरने करत आहे आणि त्यात कोणत्याही ग्राफिक्स चिपचा सहभाग नाही. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. सर्व्हरच्या मदरबोर्डवर दूरस्थ देखरेखीसाठी बसवलेली एस्पीडची चिप आहे. ती पडद्यावर चित्र पाठवू शकते, परंतु त्रिमितीय गणिताची क्षमता तिच्यात नाही. हार्डवेअर सापडत नाही तेव्हा मेसा ही ओपनजीएल लायब्ररी निमूटपणे एलएलव्हीएमपाइपकडे वळते. प्रोग्राम सुरू होतो, चित्र बिनचूक दिसते आणि कोठेही चूक नोंदवली जात नाही. फक्त वेग जातो.

एलएलव्हीएमपाइप हे काम मोठ्या कौशल्याने करते. शेडरचा (पिक्सेलचे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) संकेत प्रोसेसरच्या स्वतःच्या आज्ञावलीत रूपांतरित करून, चित्राचे चौकोनी तुकडे पाडून ते निरनिराळ्या धाग्यांवर (थ्रेड, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांवर) वाटून देते. एका वापरकर्त्यासाठी ही पद्धत गुणकारी आहे. मात्र प्रत्येक सत्रातील प्रत्येक त्रिमितीय प्रोग्राम सर्व्हरच्या गाभ्यांच्या संख्येइतके धागे स्वतंत्रपणे उघडतो, आणि वर्ग भरला की हेच धागे एकमेकांच्या वाट्याचा वेळ ओढू लागतात. टंकलेखन का मागे पडते याचे उत्तर येथे आहे. तात्पुरता उपाय म्हणून एलपी नम थ्रेड्स या पर्यावरण चलाने प्रत्येक प्रोग्रामच्या धाग्यांवर मर्यादा घातली. प्रतिकृतीचा वेग वाढला नाही, परंतु इतरांची कामे पुन्हा सुरळीत झाली.

आजच्या तपासणीतून एक गोष्ट लख्ख दिसते. पुढच्या रांगांतील प्रत्येक यंत्रात ८० शेडर एककांचा एक स्वतंत्र ग्राफिक्स विभाग आहे आणि तो सबंध तास रिकामा बसलेला आहे.

१४ जून २०२४

पिक्सेल सर्व्हरवर तयार करून क्लायंटकडे पाठवण्याची किंमत कागदावर मांडली. आमचे पडदे १३६६ × ७६८ पिक्सेलचे आहेत. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ४२ लाख बाइटची होते; सेकंदाला ३० फ्रेम पाठवायच्या तर साधारण १२.६ कोटी बाइट, म्हणजे १ गिगाबिटपेक्षा किंचित अधिक. आकुंचनाविना एकच विद्यार्थी सर्व्हरची सबंध गिगाबिट तार व्यापून टाकतो. पूर्ण एचडी पडदा आणि ६० फ्रेम घेतल्या तर हाच आकडा ४ गिगाबिटच्या जवळ जातो.

व्हीएनसी हे पिक्सेल आकुंचित करते आणि बदललेलाच भाग पाठवते, म्हणून प्रत्यक्षातील भार पुष्कळ कमी असतो. परंतु त्रिमितीय प्रतिकृती फिरत असताना खिडकीचा बहुतांश भाग प्रत्येक फ्रेमला बदलतो, आणि आकुंचनाचे श्रम पुन्हा त्याच सर्व्हरच्या प्रोसेसरला करावे लागतात जो आधीच चित्र काढण्यात गुंतलेला आहे. दोन्ही कामे एकाच जागी साचली आहेत. चित्र काढण्याचे काम क्लायंटच्या चिपकडे सोपवले, तर नेटवर्कवरून केवळ प्रोग्राम आणि फाइली येतील आणि पिक्सेल पडद्यापासून हातभर अंतरावर जन्माला येतील. पहिला प्रयत्न याच दिशेने करायचा.

२१ जून २०२४

एलटीएसपीच्या २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या आवृत्तीत अशी रचना हीच मूळ गृहीत आहे. सर्व्हरच्या फाइल प्रणालीचा स्क्वॉशएफएस इमेज (एकाच फाइलीतील आकुंचित प्रत) तयार होतो, क्लायंट तो एनएफएस या नेटवर्क फाइलसेवेवरून केवळ वाचण्यासाठी जोडतो, लिहिण्यासाठी मेमरीत एक थर उभारतो आणि विद्यार्थ्याची गृहनिर्देशिका एसएसएचएफएसने सर्व्हरवरून आणतो. प्रोग्राम क्लायंटच्याच प्रोसेसरवर चालतो. पुढच्या रांगेतील एका यंत्रावर आज असे स्थानिक सत्र सुरू केले.

सत्र उघडले, पण खिडकी सरकवताना ती तुकड्यातुकड्यांनी सरकत होती. जीएलएक्सइन्फोने पुन्हा एलएलव्हीएमपाइपचेच नाव दिले. या वेळी १२८ बिट, कारण या प्रोसेसरमध्ये २५६ बिट गणनेची एव्हीएक्स आज्ञावली नाही. म्हणजे आता तेच सॉफ्टवेअर चित्रण सर्व्हरपेक्षा कितीतरी दुबळ्या प्रोसेसरवर होत होते. विभागात कोणी हे पाहिले असते तर यंत्रे बदलण्याच्या मताला दुजोराच मिळाला असता.

कर्नलच्या नोंदी वाचल्यावर उलगडा झाला. रेडिऑन ड्रायव्हरने स्पष्ट लिहिले होते की आर६०० आणि त्यापुढील चिपसाठी फर्मवेअर (चिपमध्ये भरावा लागणारा तिचा अंतर्गत प्रोग्राम) बसवलेले असणे आवश्यक आहे. या चिपचे कौटुंबिक नाव पाम असे असून तिला पाम आणि सुमो या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या फर्मवेअर फाइली लागतात. त्या न मिळाल्यामुळे ड्रायव्हरने माघार घेतली आणि पडदा साध्या फ्रेमबफरवर (केवळ पिक्सेल साठवणाऱ्या मेमरीवर) चालू लागला.

या फाइली इमेजमध्ये का नव्हत्या, हे नीट लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण ही परिस्थिती थिन क्लायंटच्या रचनेतूनच उद्भवते. डेबियन १२ ने फर्मवेअरसाठी वेगळा विभाग केला आणि स्थापना करताना समोरच्या यंत्राला लागणारे फर्मवेअर ओळखून बसवण्याची सोय दिली. आमच्या बाबतीत समोरचे यंत्र सर्व्हर होते. त्यात एएमडीचे ग्राफिक्स नव्हते, म्हणून ते पॅकेज आले नाही. आमचा इमेज मात्र थेट सर्व्हरच्या प्रणालीवरूनच तयार होतो. जी प्रणाली एका यंत्राच्या अंगाने बेतली गेली, तीच आम्ही निराळ्या चिपच्या सर्व यंत्रांना वाढून ठेवली होती.

२४ जून २०२४

एएमडी ग्राफिक्सचे फर्मवेअर पॅकेज सर्व्हरवर बसवले. त्यानंतर प्रारंभिक मेमरी-प्रतिमा, म्हणजे इनिटरॅमएफएस, पुन्हा तयार केली. तिच्या संरचनेत केवळ चालू यंत्रापुरतीच मॉड्यूले (कर्नलचे ड्रायव्हर) घेण्याचा पर्याय निवडलेला नाही ना, हेही पाहिले. तो पर्याय एकट्या संगणकासाठी ठीक असला तरी नेटवर्कवरून अनेकांना दिल्या जाणाऱ्या प्रतिमेसाठी घातक आहे. मग एलटीएसपीचा इमेज नव्याने बांधला, कर्नल आणि प्रारंभिक प्रतिमा टीएफटीपीच्या (बूटच्या फाइली पुरवणाऱ्या सेवेच्या) निर्देशिकेत पोहोचल्याची खात्री केली आणि क्लायंट पुन्हा सुरू केला.

जीएलएक्सइन्फोने या वेळी एएमडी पाम असे उत्तर दिले.

फ्रीकॅडमध्ये यंत्र विभागाच्या मॅडमनी दिलेली बेअरिंग-धारकाची प्रतिकृती उघडली. ती माऊसच्या मागोमाग, न अडखळता फिरली. शेजारच्या यंत्रांवरही तीच प्रतिकृती एकाच वेळी फिरवली, तेव्हा एका यंत्राच्या कामाचा दुसऱ्यावर परिणाम होत नव्हता आणि सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ विसावलेला होता. त्या चिपमध्ये ही ताकद पहिल्या दिवसापासून होती. निवृत्त ठरवल्या जाणाऱ्या यंत्रांबाबत ही तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, असे माझे ठाम मत झाले आहे.

२७ जून २०२४

एक तिसरा मार्गही तपासून पाहिला, कारण तो तत्त्वतः फार सुंदर आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली तीच मुळी अशा कल्पनेवर की प्रोग्राम एका यंत्रावर चालावा आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असावा. १९९२ मध्ये ओपनजीएल आल्यावर जीएलएक्स या विस्ताराने तीच सोय त्रिमितीय चित्रांना दिली. पिक्सेल पाठवण्याऐवजी चित्र काढण्याच्या आज्ञाच नेटवर्कवरून जात आणि विद्यार्थ्यासमोरची चिप त्या पार पाडी. प्रतिकृतीची यादी एकदा पडद्याच्या बाजूला साठवली की पुढे ‘एवढ्या अंशात फिरव’ इतकाच निरोप पुरे होई.

ही अप्रत्यक्ष पद्धत आजही जिवंत आहे, पण क्षीण झालेली आहे. २००३ मधील ओपनजीएल १.५ ने शिरोबिंदूंचे साठे (आकृतीचे बिंदू ग्राफिक्सच्या मेमरीत ठेवण्याची सोय) आणि २००४ मधील २.० ने शेडर भाषा आणली. अप्रत्यक्ष मार्ग मात्र ओपनजीएल १.४ च्या आसपासच थांबला. शिवाय जुन्या संकेतातील सुरक्षेच्या त्रुटींमुळे एक्स सर्व्हरने तो मार्ग २०१५ पासून आपोआप उघडणे बंद केले. चाचणीपुरता तो उघडून पाहिला असता साध्या नमुना प्रोग्रामांनी उत्तम वेग दिला, परंतु फ्रीकॅडमध्ये फिरवण्याबरोबर रेखाटन संपादित करू लागताच दर वेळी बदललेली भूमिती नव्याने नेटवर्कवर उतरू लागली आणि सगळा लाभ आटला. सुरक्षेचे दार उघडे ठेवून एवढ्याशा लाभासाठी हा मार्ग स्वीकारणे योग्य नाही. तो बंद केला.

२ जुलै २०२४

स्थानिक चित्रणाची खरी मर्यादा आता मेमरीत दिसते. या प्रोसेसरचा ग्राफिक्स विभाग स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही. मुख्य मेमरीतूनच एक हिस्सा बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडणीत) राखून ठेवावा लागतो. २ गिगाबाइटच्या यंत्रात तो हिस्सा, प्रणालीचा लिहिण्याचा थर, फ्रीकॅड आणि ब्राउझर एवढे एकत्र आले की जागा संपते आणि डिस्क नसल्यामुळे स्वॅपही (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायची जादा जागा) नाही. मेमरीतच आकुंचित स्वॅप ठेवणारे झेडरॅम सुरू केले, त्याने अडचण पुढे ढकलली गेली. यंत्रांत दुसरी खाच रिकामी आहे, म्हणून साठ्यातील जुन्या लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्ट्या काही यंत्रांत बसवल्या.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दुसरी पट्टी बसवल्याने क्षमता वाढते, परंतु वेग वाढत नाही, कारण या प्रोसेसरचा मेमरी नियंत्रक एकाच वाहिनीचा आहे. डीडीआर३-१३३३ च्या ६४ बिट वाहिनीतून सेकंदाला सैद्धांतिक कमाल १०.६ गिगाबाइट वाहू शकतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स या दोघांना तेवढ्यातच भागवायचे असते. केवळ पडदा ६० वेळा ताजा ठेवण्यासाठी १३६६ × ७६८ च्या हिशेबाने सुमारे २५ कोटी बाइट दर सेकंदाला वाचले जातात. ती रक्कम लहान आहे. मोठा खर्च होतो तो एकच पिक्सेल पुन्हा पुन्हा लिहिण्यात. डेस्कटॉपचे संयोजन सुरू असेल तर प्रत्येक खिडकी आधी स्वतःच्या पृष्ठावर काढली जाते, मग त्या पृष्ठाची प्रत पडद्यावर उतरवली जाते, आणि सावल्या व पारदर्शकता यांसाठी खालचे पिक्सेल पुन्हा वाचावे लागतात.

त्यामुळे ग्नोमऐवजी एक्सएफसीई डेस्कटॉप ठेवून त्याचे संयोजन बंद केले. दिसण्यातला फरक नगण्य आहे. चित्र मधूनमधून आडवे फाटल्यासारखे दिसत होते, ते ड्रायव्हरमधील टिअरफ्री पर्यायाने थांबले. त्यासाठी थोडी मेमरी जाते, पण डोळ्यांना मिळणारा आराम पाहता ती द्यावी.

९ जुलै २०२४

फ्रीकॅडच्या पसंतींमध्ये शिरोबिंदूंचे साठे चिपच्या ताब्यातील मेमरीत ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला. कडा गुळगुळीत करण्यासाठी बहुनमुना पद्धत निवडली तर प्रत्येक पिक्सेलसाठी अनेक नमुने लिहावे लागतात आणि वर नोंदवलेली वाहिनी तुंबते, म्हणून तेथे केवळ रेषा गुळगुळीत करण्याचा पर्याय ठेवला. वक्र पृष्ठांचे त्रिकोणांत विभाजन किती बारीक व्हावे, हे ठरवणारी विचलनाची मर्यादाही थोडी सैल केली. गोल छिद्रांच्या कडा जवळून पाहिल्या तर किंचित कोनदार दिसतात. मापे मात्र त्रिकोणांवरून नव्हे, मूळ भूमितीवरून काढली जात असल्याने अचूकच राहतात. मॅडमनी हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याचे मान्य केले. माझ्या मते पडद्यावरील आकृती आणि तिच्यामागील गणिती घन यांतील भेद अभ्यासक्रमाचाच भाग असायला हवा.

१६ जुलै २०२४

दोन यंत्रे सुरू व्हायला फार वेळ घेत होती. ईथटूल या नेटवर्क तपासणीच्या साधनाने पाहता त्यांची जोडणी १०० मेगाबिटवर ठरत होती. गिगाबिटसाठी केबलच्या चारही जोड्या लागतात. येथे भिंतीतल्या सॉकेटवर दोनच जोड्या जोडलेल्या होत्या. सॉकेट पुन्हा पंच केले.

२३ जुलै २०२४

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी निवेदनाचे पाठ आणि एनपीटीईएलची व्याख्याने विद्यार्थी याच यंत्रांवर पाहतात, म्हणून व्हिडिओचाही विचार याच प्रकल्पात केला. या चिपमध्ये यूव्हीडी हा व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग आहे आणि तो एच.२६४ हा व्हिडिओ-प्रकार हाताळतो, व्हीपी९, एचईव्हीसी किंवा एव्ही१ हे प्रकार त्याच्या पिढीनंतरचे असल्याने त्यांचे ओझे प्रोसेसरच्या दोन गाभ्यांवर पडते. संकेतस्थळे मात्र आता नव्या प्रकारांनाच प्राधान्य देतात. ज्या व्याख्यानांच्या प्रती जवळ ठेवण्यास परवानगी आहे, ती एफएफएमपेगने एच.२६४ मध्ये रूपांतरित करून सर्व्हरवर ठेवली आणि एमपीव्ही प्लेअरमध्ये व्हीए-एपीआयचा (व्हिडिओ उलगडण्याचे काम चिपकडे सोपवण्याचा) पर्याय चालू केला. प्रोसेसरवरील भार लक्षणीय उतरला. यूव्हीडीलाही स्वतःची फर्मवेअर फाइल लागते. ती जूनमध्ये बसवलेल्या पॅकेजमध्येच होती.

५ ऑगस्ट २०२४

काही कामे मात्र या यंत्रांच्या आवाक्याबाहेरची आहेत. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरला २.८० या आवृत्तीपासून ओपनजीएल ३.३ आणि ४.० पासून ४.३ लागते, आणि मोठी जोडणी-प्रतिकृती (अनेक भागांची असेंब्ली) उघडायला क्लायंटची मेमरीच पुरत नाही. अशा कामांसाठी सर्व्हरमध्ये रेडिऑन आरएक्स ५५० कार्ड बसवले. ५० वॉटच्या मर्यादेतील असल्याने त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही आणि मोफत ड्रायव्हरवरच ते ओपनजीएल ४.६ देते. फर्मवेअर आधीच हजर होते.

कार्ड सर्व्हरमध्ये आणि विद्यार्थी व्हीएनसी सत्रात, या दोघांची गाठ घालून देण्याचे काम व्हर्च्युअलजीएल करते. प्रोग्राम सुरू होताना ते स्वतःची लायब्ररी मध्ये बसवते. ओपनजीएलच्या आज्ञा ती खऱ्या कार्डाकडे वळवते, चित्र कार्डाच्या मेमरीत पडद्याबाहेर तयार होते, आणि फ्रेम पूर्ण झाल्याची आज्ञा आली की तयार पिक्सेल वाचून व्हीएनसी सत्रातील खिडकीत ठेवते. प्रोग्रामला यातले काही कळत नाही. पूर्वी यासाठी कार्डावर एक वेगळा एक्स सर्व्हर चालू ठेवावा लागे. तिसऱ्या आवृत्तीपासून ईजीएलच्या मार्गाने थेट उपकरणाशी बोलता येते, त्यामुळे रचना पुष्कळ सुटसुटीत झाली आहे.

पहिल्या चाचणीत विद्यार्थ्याच्या खात्यातून कार्ड उघडता येत नव्हते. यंत्रासमोर बसून प्रवेश करणाऱ्याला प्रणाली आपोआप ग्राफिक्स उपकरणाची परवानगी देते. दूरस्थ सत्रातील वापरकर्ता कोणत्याही पडद्यासमोर बसलेला नसल्यामुळे त्याला ती मिळत नाही. संबंधित खाती व्हिडिओ आणि रेंडर या गटांत घातल्यावर मार्ग मोकळा झाला. एस्पीडची चिप आणि नवे कार्ड यांचे क्रमांक बूट होताना बदलू शकतात, हे ध्यानात ठेवून योग्य उपकरण निवडले जाते की नाही, हे प्रत्येक बूटनंतर तपासले जाईल अशी व्यवस्था केली.

१२ ऑगस्ट २०२४

आजचा पूर्ण दिवस चित्राच्या गुणवत्तेसाठी दिला आणि तो सत्कारणी लागला असे वाटते.

व्हर्च्युअलजीएलच्या जोडीला टर्बोव्हीएनसी सर्व्हर वापरतो. त्याची टाइट ही आकुंचनपद्धत पडद्याच्या ज्या भागात मोजकेच रंग आहेत तो भाग रंगसूचीच्या आधारे जसाच्या तसा पाठवते आणि अनेक रंगछटांचा भाग जेपेगने आकुंचित करते. जेपेगमध्ये दोन निराळे निर्णय असतात. एक म्हणजे गुणवत्तेचा आकडा; दुसरा, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही, तो म्हणजे रंगाचे उपनमुने. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवली जाते, पण रंगाची माहिती दोन किंवा चार पिक्सेलमागे एकदाच ठेवून जागा वाचवता येते. छायाचित्रात डोळ्याला हा फरक जाणवत नाही. अभियांत्रिकी आरेखनात तो तत्काळ जाणवतो.

फ्रीकॅडच्या रेखाटन संपादकात रंग हा अर्थवाही असतो. सर्व बंधने पुरी झाली की आकृती हिरवी होते. तोपर्यंत तिच्या रेषा वेगळ्या रंगाच्या असतात, आणि बंधनांची लहान चिन्हे तांबड्या रंगात रेषांना खेटून असतात. छायांकित प्रतिकृतीच्या पार्श्वभूमीवर या एक पिक्सेल जाडीच्या रेषा जेपेगच्या भागात जातात. चार पिक्सेलमागे एक रंग ठेवला की तांबडी रेषा शेजारच्या करड्या रंगात मिसळून मळकट होते आणि चिन्ह कोणत्या कडेचे आहे हे ओळखता येत नाही. मागे बसलेल्या एका विद्यार्थिनीने आपले रेखाटन पूर्ण झाले आहे की नाही, हे विचारण्यासाठी हात वर केला, तेव्हा पडद्यावरचा हिरवा आणि पांढरा यांतील फरक तिला खरोखरच दिसत नव्हता. यंत्राने माहिती गाळली तर शिकणाऱ्याला आपली समजच कमी आहे असे वाटू लागते, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

त्यामुळे रंगाचे उपनमुने पूर्णपणे बंद ठेवून, गरज पडल्यास गुणवत्तेचा आकडाच खाली आणायचा, असे ठरवले. पडद्यावरची हालचाल थांबली की सर्व्हरने तोच भाग कोणतीही हानी न होता पुन्हा पाठवावा, असा पर्यायही टर्बोव्हीएनसीत आहे. तो चालू केला. फिरताना चित्र थोडे भरड, थांबल्यावर अस्सल. आरेखन वाचायचे असते ते थांबल्यावरच, म्हणून ही तडजोड उचित आहे. फ्रेमच्या संख्येवरही वरची मर्यादा घातली, जेणेकरून एखादा हलका प्रोग्राम विनाकारण शेकडो फ्रेम तयार करून इतरांचा वाटा खाणार नाही.

क्लायंटच्या बाजूला टायगरव्हीएनसीचा दर्शक ठेवला. तो सी++ मध्ये लिहिलेला असून थोड्या मेमरीत चालतो.

२० ऑगस्ट २०२४

मागच्या रांगेतील जिओड यंत्रांचा निर्णय केला. या चिपमध्ये द्विमितीय सोय आहे, त्रिमितीय मुळीच नाही, आणि एसएसई आज्ञावलीही नाही. सॉफ्टवेअर चित्रणाची अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे आहे. डेबियन १२ ने ३२ बिट यंत्रांसाठी जी किमान आज्ञावली ठरवली ती या प्रोसेसरमध्ये पूर्ण नाही, म्हणून त्यांच्यासाठी डेबियन ११ चा वेगळा छोटा इमेज ठेवला आहे. त्याला २०२६ च्या ऑगस्टपर्यंत दीर्घकालीन आधार आहे. व्हीएनसीचे पिक्सेल उलगडतानासुद्धा ही यंत्रे दमतात. त्यांवर त्रिमितीय काम द्यायचे नाही, मजकूर आणि प्रोग्रामिंगच्या तासांपुरतीच ती वापरायची, असे विभागाला लेखी कळवले. नवी खरेदी करायचीच असेल तर ती या एका रांगेपुरती करावी.

२ सप्टेंबर २०२४

पूर्ण वर्गाचे पहिले फ्रीकॅड प्रात्यक्षिक आज झाले. पुढच्या रांगांतील सर्वांनी स्थानिक सत्रात काम केले आणि एकदाही संपूर्ण वर्ग थांबला नाही. डेस्कटॉपच्या सूचीत आता फ्रीकॅडच्या दोन नोंदी आहेत: नेहमीच्या भागांसाठी ‘याच यंत्रावर’ आणि मोठ्या जोडण्यांसाठी ‘सर्व्हरवर’. दुसरी नोंद व्हर्च्युअलजीएलच्या सत्रात जाते आणि आरएक्स ५५० ची मेमरी मर्यादित असल्याने तिच्यावर एका वेळी किती जणांनी असावे, हे मॅडम ठरवतात. ब्लेंडर केवळ सर्व्हरवरूनच उघडतो.

सर्व्हरवर अद्ययावतीकरण झाल्यानंतर इमेज आणि प्रारंभिक प्रतिमा दोन्ही नव्याने बांधल्या नाहीत, तर कर्नल एका आवृत्तीचा आणि मॉड्यूले दुसऱ्या आवृत्तीची अशी विसंगती होऊन क्लायंट पुन्हा सॉफ्टवेअर चित्रणावर घसरू शकतात, आणि तेही कोणतीही सूचना न देता. म्हणून प्रत्येक सत्राच्या प्रारंभी ओपनजीएलच्या चित्रणकर्त्याचे नाव सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिणारी छोटी स्क्रिप्ट बसवली आहे. तिच्यात एलएलव्हीएमपाइप हे नाव आढळले की त्या यंत्राचा क्रमांक सकाळच्या यादीत तांबड्या अक्षरांत येतो. आजच्या यादीत मागची रांग सोडून एकही क्रमांक तांबडा नव्हता. उरलेल्या २ गिगाबाइटच्या यंत्रांसाठी डीडीआर३ पट्ट्यांची मागणी भांडार विभागाकडे पाठवली आहे; त्या आल्यावर बायोसमधील ग्राफिक्सचा राखीव हिस्सा वाढवून बेअरिंग-धारकाचीच प्रतिकृती पुन्हा तपासायची आहे.